पाचव्या चाकासाठी सत्तर हजार डॉलर जास्त मोजावेत का?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही दोघे मिशिगनमधील ॲन आर्बर येथे गेली एकतीस वर्षे राहत आहोत. मी येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहे आणि पत्नी मागच्याच वर्षी निवृत्त झाली. घर विकायचे नाही, परंतु नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ॲरिझोनात फीनिक्सजवळच्या एखाद्या आर.व्ही. पार्कमध्ये (म्हणजे फिरती घरे उभी करण्याच्या तळावर) राहावे आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवडे पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने पाहावीत, असा आमचा बेत आहे. त्यासाठी आम्ही फिफ्थ-व्हील ट्रेलर घेण्याचे ठरवले असून दोन ट्रेलरची लेखी किंमत आमच्या हाती आहे. पहिला ३७ फुटी, मध्यम दर्जाचा, कमाल मान्य वजन १५,५०० पौंड, किंमत ७८,००० डॉलर. दुसरा ४१ फुटी, 'लक्झरी' म्हणून विकला जाणारा, कमाल मान्य वजन २१,००० पौंड, किंमत १,४८,००० डॉलर. दुसऱ्याच्या आत गेल्यावर आपण ट्रेलरमध्ये आहोत हे विसरायला होते. आमच्याकडे थ्री-क्वार्टर टन वर्गातला डिझेल पिकअप आहे आणि तो दोन्ही ट्रेलर ओढू शकेल, असे डीलरचे म्हणणे आहे. सत्तर हजार डॉलरचा हा फरक वसूल होण्याजोगा आहे का? आमची ऐपत आहे, पण पैसे वाया घालवण्याची सवय नाही. माझा डावा गुडघा कुरकुरतो, हेही आपल्या माहितीसाठी लिहितो.
— एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : आपला हिशेब सत्तर हजारांपासून सुरू होतो. माझ्या मते तो आपल्या पिकअपच्या दारापासून सुरू व्हायला हवा. चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी दिसेल. गाडीतली माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असे तिच्यावर छापलेले असते. हाच त्या गाडीचा पेलोड. गाडी किती वजन ओढू शकते आणि स्वतःच्या पाठीवर किती वजन घेऊ शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीलर पहिलीबद्दल बोलला आणि ते बहुधा खरेही असेल, पण फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत दुसरी गोष्ट आधी आड येते.

याचे कारण या ट्रेलरच्या रचनेतच आहे. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भाग मात्र पिकअपच्या हौद्यावर चढलेला असतो आणि त्याचा किंगपिन (खालचा जाड खुंट) मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे आसाच्या, वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचमध्ये (खुंट पकडणाऱ्या सांध्यात) अडकतो. (घोडागाडीच्या पुढच्या ॲक्सलला वळता यावे म्हणून तिच्यावर एक आडवे चाक बसवत असत. ते चार चाकांखेरीजचे पाचवे चाक, म्हणून हे नाव.) या रचनेमुळे ट्रेलर वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकमुळे फारसा डुलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. त्याची किंमत अशी, की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के भार थेट पिकअपच्या पाठीवर येतो.

मी २२ टक्के धरतो. आपल्या पहिल्या ट्रेलरचा भार ३,४१० पौंड होतो आणि दुसऱ्याचा ४,६२०. आपण पट्टीवरचा आकडा कळवलेला नाही, परंतु या वर्गातल्या डिझेल पिकअपवर २,६०० पौंडांच्या आसपासचा आकडा मी अनेकदा पाहिला आहे. त्यातून आपण दोघे आणि हिच यांचे मिळून पाचशे पौंड वजा केले तर २,१०० उरतात. म्हणजे लक्झरी ट्रेलर आपल्या गाडीवर झेपेल त्याच्या दुपटीहून जास्त भार टाकणार, आणि साधा म्हणवणारा ट्रेलरसुद्धा तिला झेपणारा नाही. ही वाईट बातमी पत्राच्या उत्तरात द्यावी लागते आहे, पण घाटात उतरणीवर ती कळण्यापेक्षा इथे कळलेली बरी.

तेव्हा कोणताही ट्रेलर घेतला तरी पिकअप बदलावा लागेल. पहिल्यासाठी एक पायरी वरच्या, वन-टन वर्गातला, मागे दोनच चाके असलेला आणि चार हजार पौंडांच्या आसपास पेलोडचा ट्रक चालून जाईल. दुसऱ्याला मात्र मागे चार चाके असलेली 'डुअली'च लागेल, आणि तीही पट्टीवर किमान साडेपाच हजारांचा आकडा असलेली. या दोन ट्रकच्या किमतींतला फरक सत्तर हजारांत मिळवा. डुअलीचे दोन जादा टायर मिळवा. ती घरच्या गॅरेजमध्ये मावेल का, हे टेप घेऊन मोजा, कारण मागची रुंदी आठ फूट असते आणि चार दरवाजांच्या लांब हौद्याच्या गाडीची लांबी बावीस फुटांच्या वर जाते.

ही लांबी-रुंदी केवळ गॅरेजपुरती नाही. आपण पश्चिमेकडील उद्यानांचा उल्लेख केला आहे. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानातील 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या घाटातल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा, आरसे धरून, ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. ट्रेलर तळावर उभा करून नुसती डुअली घेऊन निघालात तरी ती या नियमात बसत नाही, आणि ज्या रस्त्यासाठी माणसे तिथवर जातात तो बघायला दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागते. युटातल्या झायन उद्यानातला जुना बोगदा एकत्रित ५० फुटांहून लांब वाहनांना बंद आहे. आपला ४१ फुटी ट्रेलर डुअलीला जोडल्यावर साठ फुटांच्या घरात जाईल. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या मॅथर कॅम्पग्राउंडची मर्यादा तर गाडी धरून ३० फूट आहे. तिथे आपला ३७ फुटी ट्रेलरही बसणार नाही, आणि शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्येसुद्धा ५० फुटांपर्यंतच्यांनाच जागा मिळते. ट्रेलर जितका ऐसपैस, तितका तो उद्यानाच्या वेशीबाहेर राहतो. राष्ट्रीय उद्याने हा आपल्या बेताचा मुख्य भाग असता तर मी दोन्ही ट्रेलरना नको म्हटले असते.

आता किमतीकडे येऊ. १,४८,००० डॉलर कशाचे, हे समजण्यासाठी ट्रेलरचे दोन भाग करून पाहावेत : जो डीलरच्या दालनात उभे राहिल्यावर दिसतो तो, आणि जो दिसण्यासाठी जमिनीवर पाठ टेकून खाली सरकावे लागते तो. विजेची शेकोटी, झुलत्या खुर्च्या, छताच्या कडेने लपवलेले दिवे, दगडासारख्या दिसणाऱ्या ओट्याच्या फरश्या, हे सगळे पहिल्या भागात मोडते. ती शेकोटी म्हणजे १,५०० वॅटचा साधा हीटर असतो. पुढे काच आणि मागे हलता उजेड बसवला, की तिची शेकोटी होते. या वस्तू वाईट नाहीत, पण त्या कारखान्याला स्वस्त पडतात आणि गिऱ्हाइकाला महाग वाटतात. म्हणूनच हल्ली मध्यम दर्जाच्या ट्रेलरमध्येही त्या सर्रास दिसू लागल्या आहेत.

खरा पैसा दुसऱ्या भागात असतो किंवा असायला हवा. ॲक्सल किती पौंडांचे आणि किती? ब्रेक विजेवर चालणारे ड्रमचे आहेत, की हायड्रॉलिक डिस्क? सस्पेन्शन साध्या पाट्यांचे आहे, की प्रत्येक चाकाचे स्वतंत्र? टायर त्यांच्या मर्यादेच्या काठावर वापरले आहेत, की त्यांना पंधरा-वीस टक्क्यांचा वाव ठेवला आहे? मुख्य चौकटीच्या तुळया किती उंच आहेत, भिंत किती जाड आहे, खिडक्यांना दुहेरी काच आहे का? ॲन आर्बर ते फीनिक्स हे अंतर सुमारे दोन हजार मैलांचे आहे. आपण वर्षाला चार हजार मैल तर नुसते येण्या-जाण्यात करणार आहात. आंतरराज्यीय महामार्गावरचा प्रत्येक सांधा ओलांडताना ट्रेलरला छोटा भूकंप सोसावा लागतो, आणि तो सोसण्याचे काम शेकोटी करत नाही.

दालनातली एक गोष्ट मात्र मी बारकाईने पाहायला सांगेन, आणि ती म्हणजे ओटा. इथले ट्रेलर सँडविच आणि सूप करणाऱ्यांसाठी आखलेले असतात. शेगडीच्या तीन जाळ्या इतक्या जवळजवळ असतात, की एकीवर कुकर ठेवला की दुसरीवर कढई बसत नाही. म्हणून डीलरकडे जाताना आपला नेहमीचा कुकर आणि तवा पिशवीत घालून न्या व शेगडीवर ठेवून पाहा. विक्रेता जरा चमत्कारिक नजरेने पाहील, पण पाहू द्या. दुसरे असे, की शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो, की गाळणीतून फिरवून पुन्हा खोलीतच सोडतो, हे बाहेरच्या भिंतीवरची झडप पाहून खात्री करून घ्या. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. बंद, लहान जागेत रोज फोडणी होणार असेल तर हा फरक फार मोठा आहे. आमचा पहिला ट्रेलर सहा वर्षांनी विकताना घेणाऱ्या गृहस्थांनी आत पाऊल टाकताच 'हा वास कसला?' म्हणून विचारले होते. हिंगाचा, असे उत्तर मी दिले, पण त्यांना ते समजले नसावे.

आपल्या गुडघ्याचा प्रश्न आपण शेवटी लिहिलात, तो मी वर घेतो. फिफ्थ-व्हीलमध्ये निजायची खोली पुढच्या उंच भागात, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर येणाऱ्या भागात असते, आणि तिथे जायला आतून दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. बाहेरच्या दाराच्या चार पायऱ्या निराळ्या. न्हाणीघरही बहुधा वरच असते. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला या पायऱ्यांचा हिशेब दिवसाच्या उजेडात कळत नाही. महाग ट्रेलरमध्ये पायऱ्या जरा रुंद आणि कठडा जरा भक्कम असतो, परंतु पायऱ्या चुकत नाहीत.

महाग म्हणजे बिनतक्रार, ही समजूत सर्वांत आधी काढून टाकावी. उत्तर अमेरिकेतल्या आर.व्हीं.पैकी फार मोठा हिस्सा इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास तयार होतो, आणि त्यातले बहुतेक कारखाने थोड्याच समूहांच्या मालकीचे आहेत. जेको २०१६ साली थॉरने घेतली, त्याच वर्षी ग्रँड डिझाइन विनेबॅगोने घेतली, आणि फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशायर हॅथवेकडे आहे. नावे वेगळी असली तरी चौकट, स्लाइड-आउटची (ट्रेलर उभा केल्यावर बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाची) यंत्रणा, जमिनीवर समतोल उभे करणारे पाय, वातानुकूलन, भट्टी हे सुटे भाग बहुतांशी त्याच थोड्या पुरवठादारांकडून येतात. म्हणजे दीड लाखाच्या ट्रेलरमधला पाण्याचा पंप आणि ऐंशी हजारांच्या ट्रेलरमधला पंप एकाच खोक्यातून आलेला असू शकतो आणि तो एकाच कारणाने बंद पडतो. महाग ट्रेलरला चार-पाच स्लाइड-आउट असतील तर गळतीच्या जागाही तेवढ्या वाढतात. ट्रेलरमध्ये पाणी मुरते तेव्हा ते अक्षरशः मुरते आणि भिंतीच्या आतली पातळ फळी कुजल्यावरच बाहेर कळते.

म्हणून वॉरंटीचा कागद घरी आणून वाचा. बहुतेक वॉरंटी एक वर्षाच्या असतात, चौकट आणि सांगाड्यासाठी काही कंपन्या तीन वर्षे देतात. त्यात 'कायम वास्तव्यासाठी वापरल्यास लागू नाही' अशा अर्थाचे कलम आहे का, हे शोधा. आपण सलग साडेचार महिने राहणार आहात, म्हणून ते वास्तव्य ठरते की नाही, याचे उत्तर कंपनीकडून लेखी मागा. लक्झरी कंपन्यांपैकी काही कायम वास्तव्याला स्पष्ट परवानगी देतात आणि जास्तीच्या किमतीचे हे एक खरे कारण ठरू शकते. मोटारींसाठी असलेले 'लेमन' कायदे (वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीबद्दल भरपाई मिळवून देणारे) अनेक राज्यांत ओढायच्या ट्रेलरला पूर्णपणे लागू होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. दुरुस्तीसाठी ट्रेलर कार्यशाळेत गेला की आठवडेच्या आठवडे तिथे राहू शकतो. मोटार कार्यशाळेत गेली तर माणूस टॅक्सी करतो. घर कार्यशाळेत गेले तर काय करायचे, हे आधी ठरवलेले बरे.

आता वसुलीचा हिशेब. ट्रेलर ही जमीन नव्हे, त्याचा घसारा पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होतो. समजा आठ वर्षांनी आपण विकला आणि दोन्ही ट्रेलरनी साठ टक्के किंमत गमावली. हा माझा अंदाज आहे, आपण त्याजागी आपला धरावा. महाग ट्रेलरवर ८८,८०० डॉलर गेले, दुसऱ्यावर ४६,८००, म्हणजे लक्झरीसाठी प्रत्यक्षात मोजलेले जादा पैसे ४२,०००. आठ वर्षांत दरसाल १५० रात्री त्यात झोपलात तर १,२०० रात्रींवर हा फरक रात्रीमागे ३५ डॉलर पडतो. तीच माणसे वर्षाला तीसच रात्री गेली, तर हाच फरक रात्रीमागे १७५ डॉलर होतो, आणि त्या पैशात मोटेलची बरी खोली मिळते. जाणकार लोक ट्रेलरची किंमत सांगतात तेव्हा मी त्यांना गेल्या वर्षी किती रात्री राहिलात, एवढेच विचारतो. पुष्कळांचा चेहरा पडतो.

हे रोख पैशांचे झाले. वरचे सत्तर हजार कर्जाने घेतलेत तर चित्र पालटते. आठ टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी नुसत्या या जादा रकमेचा हप्ता दरमहा सुमारे ६६९ डॉलर होतो आणि एकूण सुमारे १,२०,४०० डॉलर भरावे लागतात. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेला ट्रेलर आयकराच्या दृष्टीने 'दुसरे घर' धरला जाऊ शकतो आणि त्याच्या तारण कर्जाचे व्याज वजावटीस पात्र ठरू शकते, असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही, परंतु त्याचा उपयोग प्रमाणित वजावट सोडून तपशीलवार वजावट घेणाऱ्यांनाच होतो. घरावरचे कर्ज फिटलेल्या निवृत्त जोडप्यांपैकी फार थोडी त्यात बसतात.

आपल्या बेतात जाड भिंतींचे महत्त्व किती, हेही पाहू. शून्याखालच्या थंडीत आठवडेच्या आठवडे राहणाऱ्याला गरम हवा फिरवलेला तळ, जाड भिंती आणि दुहेरी काचा यांचे मोल कळते. आपण मात्र थंडी चुकवण्यासाठीच फीनिक्सला निघाला आहात. तिथे जाड भिंतीचा फायदा एवढाच, की हातभर अंतरावरच्या शेजाऱ्याचा दूरदर्शन संच कमी ऐकू येईल. ब्रोशरमधल्या 'फोर सीझन' या शब्दांवर जाऊ नका. ते कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र आहे.

हे सगळे धरून माझे मत असे, की आपण दोघांनी हे सत्तर हजार जास्त मोजू नयेत. वर्षातले दहा महिने ट्रेलरमध्येच राहणाऱ्या, ज्यांना परतायला दुसरे घर नाही अशा जोडप्याला मी उलट सल्ला दिला असता, आणि तोही शेकोटीसाठी नव्हे तर ॲक्सल, ब्रेक आणि वॉरंटीच्या त्या कलमासाठी. आपण मध्यम ट्रेलर घ्यावा, पण तो दालनात उभा आहे तसा घेऊ नये. त्यावर डिस्क ब्रेक, एक पायरी वरच्या दर्जाचे टायर आणि बरे सस्पेन्शन बसवून घ्यावे, छापील किमतीवर घासाघीस करावी (या धंद्यात छापील किंमत देणारा गिऱ्हाईक विरळा), आणि वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा पिकअपसाठी ठेवावा. ट्रेलरच्या दाराजवळ सामानाच्या वजनमर्यादेची पट्टी असते, तीही वाचा. पाण्याचे वजन गॅलनला ८.३४ पौंड भरते, म्हणजे ऐंशी गॅलनची टाकी भरली की साडेसहाशेहून जास्त पौंड तिथेच संपले.

आणखी एक मार्ग आपण विचारलेला नाही, तरी सांगतो. आपण साडेचार महिने एकाच जागी बसणार आहात. ॲरिझोनातल्या हिवाळी वसाहतींत 'पार्क मॉडेल' म्हणतात ती चारशे चौरस फुटांपर्यंतची छोटी घरे जागेवरच उभी असतात. एकदा ठेवली की ती हलवायची नसतात. त्यांना पिकअप लागत नाही, दोन हजार मैलांचे ओढणे नाही आणि निजायच्या खोलीला पायऱ्याही नाहीत. जागेचे भाडे बारा महिने भरावे लागते, हा तोटा आहे. येता हिवाळा असे एखादे घर भाड्याने घेऊन काढा, आणि शेजारच्या ट्रेलरवाल्यांना त्यांची पत्रे-छते दाखवायला सांगा. ती माणसे मोठ्या हौसेने दाखवतात आणि डीलर सांगणार नाही ते सगळे सांगतात.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. लक्झरी फिफ्थ-व्हील घेण्याचा विचार जवळजवळ पक्का आहे. माझ्याजवळ मोटारीचा नेहमीचा परवाना आहे. तो चालेल, असे विक्रेत्याने सांगितले, पण मित्राने शंका काढली. खरे काय?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : मित्राचे खरे आहे. कॅलिफोर्नियात फिफ्थ-व्हील ट्रेलरचे कमाल मान्य वजन १०,००० पौंडांपेक्षा जास्त पण १५,००० पर्यंत असेल, तर नेहमीच्या 'क्लास सी' परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. १५,००० च्या वर गेले की 'अव्यावसायिक क्लास ए' परवाना लागतो, आणि त्यासाठी लेखी परीक्षा, आरोग्याची प्रश्नावली आणि तशाच जोडगाडीवर प्रत्यक्ष चाचणी असते. यात पाहिले जाते ते ट्रेलरवर कंपनीने छापलेले कमाल वजन. आत सामान किती आहे, याचा संबंध नाही. लक्झरी म्हणून विकले जाणारे बहुतेक ट्रेलर १५,००० च्या पुष्कळ वर असल्याने आपल्याला हा परवाना काढावाच लागेल. चाचणीला आपलीच जोडगाडी न्यायची असते आणि परवान्याआधी ती एकट्याने चालवता येत नाही, तेव्हा असा परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसवण्याची सोय आधी करा. निवृत्तीनंतर टेक्ससला पत्ता हलवण्याचा विचार असेल तर तिथलाही नियम पाहून ठेवा. गाडी आणि ट्रेलर यांचे एकत्रित मान्य वजन २६,००० पौंडांच्या वर आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर तिथेही अव्यावसायिक 'क्लास ए' लागतो. परवान्याचा खर्च किरकोळ आहे, परंतु अपघातानंतर विमा कंपनीने योग्य परवाना नसल्याचे कारण पुढे केले, तर तो किरकोळ राहत नाही.

प्रश्न : नवा लक्झरी ट्रेलर परवडत नाही, परंतु २०२१ साली तयार झालेला, एकाच मालकाने वापरलेला ४० फुटी ट्रेलर मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी दरात मिळतो आहे. नव्या मध्यम ट्रेलरपेक्षा हा बरा नव्हे का?
— एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : तत्त्व म्हणून बरा. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा सर्वांत मोठा घास गिळलेला असतो, आणि ज्या किमतीत नवा मध्यम ट्रेलर मिळतो त्याच किमतीत आपल्याला जड ॲक्सल आणि जाड भिंती मिळतात. महाग ट्रेलर घेण्याची योग्य वेळ तो चार-पाच वर्षांचा झाल्यावर येते, असेच माझे मत आहे.

आपण लिहिलेले साल मात्र मला थांबवते. करोनाच्या काळात सगळ्यांना एकदम घराबाहेर पडायचे होते आणि २०२१ साली उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांनी सहा लाख आर.व्ही. बाहेर काढल्या, इतक्या आजवर कोणत्याही वर्षी निघालेल्या नाहीत. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. मागणीचा तो पूर आला तेव्हा माणसे अपुरी होती, सुटे भाग वेळेवर येत नव्हते आणि आहे त्या लोकांनी दुप्पट वेगाने काम केले. त्या वर्षीचे सगळे ट्रेलर वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु तो पारखून घेण्याची जबाबदारी इतर सालांपेक्षा जास्त आहे.

पारख अशी करावी. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. '३२२१' असेल तर तो २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. तोच मूळ संच असेल तर झीज दिसो वा न दिसो, नव्या टायरची किंमत सौद्यातून वजा करा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. मग पुढचा उंच भाग जिथे मुख्य खोलीला मिळतो, तो कोपरा बाहेरून आणि आतून पाहा. तिथे भिंतीच्या पत्र्याला तिरकी भेग, सांध्याला उघडलेली फट, किंवा निजायच्या खोलीचे दार चौकटीला घासल्याची खूण असेल तर चौकट वाकते-सरकते आहे, असे समजून परत फिरा. तो दोष दुरुस्त होतो, पण त्याचा खर्च सौद्यात वाचवलेले सगळे पैसे खाऊन टाकतो. चार तास खर्च करणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला प्रशिक्षित आर.व्ही. निरीक्षक नेमा आणि त्याला छतावर चढायला व आर्द्रतामापक घेऊन स्लाइड-आउटचे कोपरे तपासायला सांगा. मालक 'कशाला एवढे?' म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे. शेवटी ट्रक थांब्यावरच्या काट्यावर रिकामा ट्रेलर जोडून वजन करून घ्या, म्हणजे आपल्या पिकअपच्या पट्टीवरच्या आकड्याशी ते ताडून पाहता येईल.

पाहायला जाण्याचा दिवसही विचारपूर्वक निवडा. ह्यूस्टनला पावसाची वानवा नाही. चांगला दमदार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मालकाने खिडक्या उघडून हवा खेळती करण्याआधी, तिथे पोचा आणि आत गेल्यावर आधी खोल श्वास घ्या.